नव्या इंजिनाला किती राबवावे?

घरी नवी मोटार आली, की पेढे वाटून होण्याआधीच सल्ले सुरू होतात. एक काका सांगतात, "पहिले हजार किलोमीटर काटा चाळीसच्या वर जाऊ देऊ नका." दुसरे म्हणतात, "छे! पहिल्या दिवसापासून गाडी चांगली खेचा, म्हणजे इंजिन मोकळे होते." दोघांनीही अनेक वर्षे गाड्या चालवलेल्या असतात, पण सल्ले मात्र एकमेकांच्या अगदी उलट!

हा प्रश्न केवळ गप्पांचा नाही. घरातील मंडळींनी वर्षानुवर्षे पैसे साठवून गाडी घेतलेली असते. तिचे इंजिन दीर्घकाळ सुरळीत चालणार, की थोड्याच वर्षांत तेल पिऊन निळा धूर सोडू लागणार, हे काही अंशी या पहिल्या दिवसांतच ठरते. तेव्हा कोणत्या काकांचे ऐकायचे, हे आपण भौतिकशास्त्राला विचारू या.

पाट्याला टाकी, सिलिंडरला रेघा

नवा पाटा-वरवंटा घरी आणला, की त्यावर पहिल्यांदा वाटलेले वाटण कोणी खात नाही. ते टाकून देतात, कारण टाकीने घडवलेल्या दगडाचे बारीक उंचवटे तुटून त्यात कच येते. काही दिवसांनी कच येणे थांबते. पाटा आणि वरवंटा एकमेकांना 'बसतात'.

इंजिनातही असेच घडते. सिलिंडरमध्ये दट्ट्या, म्हणजेच पिस्टन, वर-खाली धावतो. दट्ट्याभोवती खाचांमध्ये धातूच्या कड्या बसवलेल्या असतात. गॅरेजमध्ये त्यांना रिंगा म्हणतात. वरच्या रिंगा जळत्या वायूला खाली निसटू देत नाहीत, तर खालची रिंग भिंतीवरचे जादा तेल खरवडून काढते. रिंग आणि भिंत यांचा मेळ जितका चांगला, तितकी इंजिनाची ताकद अधिक आणि तेलाचा खर्च कमी.

मग कारखान्यात सिलिंडरची भिंत आरशासारखी गुळगुळीत का करत नाहीत? उलट तेथे बारीक घासदगड सिलिंडरमध्ये गोल फिरवत वर-खाली नेतात आणि भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या रेघा मुद्दाम ओढतात. या क्रियेला होनिंग म्हणतात. या रेघांची खोली थोड्याच मायक्रॉनची असते. (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो.) या रेघांत तेल टिकून राहते. अगदी गुळगुळीत भिंतीवर ते टिकले नसते. शिवाय दोन रेघांमध्ये राहिलेले उंचवटे थोडे झिजले, की रिंग आणि भिंत एकमेकांच्या आकाराची होतात.

म्हणजे इंजिनाच्या घडणीचा शेवटचा हात कारखान्यात फिरवलेला नसतो. तो गाडी चालवणारा माणूस रस्त्यावर फिरवतो. यालाच 'रनिंग-इन' म्हणतात.

खरा स्पर्श किती?

फ्रँक बाउडन आणि डेव्हिड टेबर या शास्त्रज्ञांनी घर्षणाचा सखोल अभ्यास केला. त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ १९५० साली प्रकाशित झाला. त्यांनी दाखवून दिले, की दोन सपाट दिसणारे धातू प्रत्यक्षात फक्त उंचवट्यांच्या टोकांवर टेकतात. भार पेलता येईल इतकीच ती टोके चेपतात.

हिशेब करून पहा. बिडाचा पृष्ठभाग चेपण्यासाठी दर चौरस मिलिमीटरला सुमारे २०० किलोग्रॅम भार लागतो असे धरू. मग १०० किलोग्रॅम भाराखाली खरा स्पर्श केवळ अर्ध्या चौरस मिलिमीटरचा असेल, मग वरवर टेकलेला भाग तळहाताएवढा का असेना! घर्षणाची सारी उष्णता या इवल्याशा जागेत निर्माण होते. उष्णता बेताची असेल, तर टोके हळूहळू झिजून सपाट होतात. ती फार वाढली आणि तेलाचा पापुद्रा फाटला, तर धातूची टोके एकमेकांना चिकटतात आणि पुढच्याच क्षणी ओरबाडून निघतात. भिंतीवर उभे चरे पडतात. एकदा पडलेले चरे आपोआप भरून येत नाहीत.

रिंगेला कोण दाबते?

येथे पहिल्या काकांचा सल्ला अडचणीत येतो. रिंग स्प्रिंगसारखी असते. ती आपल्या अंगच्या ताणाने भिंतीला टेकते, पण हा दाब वातावरणाच्या दाबाच्या एक-दोन पटच असतो. रिंगेला खरा जोर देतो तो जळणारा वायू. तो खाचेत शिरतो, रिंगेच्या पाठीमागे जातो आणि तिला बाहेर, भिंतीकडे रेटतो.

एक उदाहरण घेऊ. मुंबईच्या कुर्ला येथील कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी तुमच्या आई-वडिलांना नक्की आठवत असेल. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपातील तिची सेवा २०२३ च्या ऑक्टोबरात संपली. तिच्या इंजिनात ६८ मिलिमीटर व्यासाचे चार सिलिंडर होते. अशा एका दट्ट्याच्या माथ्याचे क्षेत्रफळ ३६.३ चौरस सेंटिमीटर येते. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर पेट्रोल इंजिनातील दाब क्षणभर वातावरणाच्या ४० पट होतो असे धरले, तर दट्ट्यावर सुमारे १४५० किलोग्रॅम भार पडतो. तोच वायू रिंगेलाही भिंतीवर दाबतो. पाय जेमतेम टेकवून गाडी सरकवत नेली, तर हा दाब कितीतरी कमी राहतो.

म्हणून नवी गाडी नुसती गोंजारून चालत नाही. रिंग पुरेशी दाबली गेली नाही, तर ती तेलावर तरंगत राहते आणि उंचवटे झिजत नाहीत. भिंतीवर राहिलेले तेल गरम वायूने भाजून रेघांमध्ये काचेसारखा कडक थर धरू लागते. जनरेटरची डिझेल इंजिने फार वेळ बिनभाराने चालवली, तर असा थर धरतो हे कारागिरांना चांगले ठाऊक असते. रेघा भरल्या, की रिंग नीट बसत नाही. तेल वर चढते, जळते आणि निळा धूर येतो. मग इंजिन उघडून पुन्हा होनिंग करावे लागते.

वेगाचे गणित

तर मग दुसरे काका बरोबर का? थांबा. दाब हवा हे खरे, पण वेगाचे काय?

पद्मिनीचा दट्ट्या एका खेपेत ७५ मिलिमीटर सरकत असे. एका फेऱ्यात तो एकदा वर आणि एकदा खाली जातो, म्हणजे १५० मिलिमीटर चालतो. मिनिटाला ४००० फेरे होत असतील, तर त्याचा सरासरी वेग सेकंदाला १० मीटर होतो. शिवाय या दट्ट्याला दर फेऱ्यात दोनदा पूर्ण थांबून उलट फिरावे लागते. त्या वेळचे त्वरण काढण्यासाठी कोनीय वेगाचा वर्ग गुणिले क्रँकची त्रिज्या हे सूत्र वापरा. उत्तर गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ६७० पट येते! दट्ट्या ४०० ग्रॅम वजनाचा असेल, तर त्याला नुसते परतवण्यासाठी सुमारे २७० किलोग्रॅम भाराएवढे बल लागते.

आता फेरे निम्मे करा. वेग निम्मा होईल, पण हे बल एक-चतुर्थांश होईल, कारण ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. घर्षणाने दर सेकंदाला निर्माण होणारी उष्णता म्हणजे घर्षणबल गुणिले वेग. म्हणून उंचवटे अजून अणकुचीदार असताना इंजिनाचे फेरे फार वाढवणे धोक्याचे असते.

याचा अर्थ फेरे अगदी कमी ठेवून ॲक्सिलरेटर दाबावा असाही नाही. जर्मन अभियंता रिचर्ड स्ट्रिबेक यांनी १९०२ साली वंगण घातलेल्या बेअरिंगांमधील घर्षण मोजले. त्यावरून कळते, की वेग फार कमी आणि भार फार जास्त असला, तर तेलाचा पापुद्रा पातळ होतो आणि धातूला धातू लागतो. चौथ्या गिअरमध्ये चढ चढताना इंजिन घुसमटून खडखडू लागते, तेव्हा आत हेच घडत असते.

सकाळची पहिली दहा मिनिटे

तापमानाचाही विचार करायला हवा. दट्ट्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा आणि पद्मिनीसारख्या इंजिनाचा सिलिंडर बिडाचा. ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. शिवाय ज्वाला थेट दट्ट्यावर येते, म्हणून तोच आधी तापतो. समजा दट्ट्या १०० अंशांनी तापला आणि भिंत अजून ५० अंशांनीच. ६८ मिलिमीटरचा दट्ट्या सुमारे ०.१४ मिलिमीटर वाढेल, सिलिंडर मात्र सुमारे ०.०४ मिलिमीटरच. मधली फट ०.१ मिलिमीटरने घटली!

अभियंते हे ध्यानात घेऊन दट्ट्याचा आकार ठरवतात, पण थंड इंजिन एकदम खेचले, तर त्यांनी ठेवलेली सवड अपुरी पडू शकते. नवे असो की जुने, इंजिन तापेपर्यंत सौम्यपणेच चालवावे.

मग गाडी कशी चालवावी?

आतापर्यंतचे निष्कर्ष एकत्र करू. आधी इंजिन नीट तापू द्यावे. नंतर मधल्या गिअरमध्ये, मधल्या फेऱ्यांवर ॲक्सिलरेटर अर्ध्याच्या आसपास दाबून गाडीला थोडे ओढू द्यावे आणि मग पाय सैल करावा. असे पुन्हा पुन्हा करावे. दाब आला, की रिंग घासते. पाय सैल केला, की तेलाला उष्णता आणि धातूचे कण वाहून नेण्यास अवसर मिळतो. तासन्तास एकाच वेगाने जाणे, काटा तांबड्या पट्ट्याकडे नेणे, इंजिन घुसमटवणे आणि गाडी जागेवर उगाच चालू ठेवणे, या चार गोष्टी टाळाव्यात. पहिले तेल कंपनीने सांगितल्याप्रमाणे वेळेवर बदलावे. पाट्यावरच्या कचेप्रमाणे त्यात झिजलेल्या धातूचे कण असतात.

म्हणजे दोन्ही काका अर्धे-अर्धे बरोबर ठरले. वेगाला लगाम हवा हे पहिल्यांचे खरे आणि इंजिनावर भार हवा हे दुसऱ्यांचे खरे.

आज अनेक कारखान्यांत होनिंगच्या शेवटी टोकदार उंचवटे मुद्दाम सपाट करतात. त्यामुळे रनिंग-इनचे काम पूर्वीपेक्षा हलके झाले आहे, पण संपलेले नाही. कोणत्या इंजिनाची भिंत कशी घासली आहे हे ते बनवणाऱ्यालाच ठाऊक असते. म्हणून किलोमीटर आणि फेऱ्यांच्या मर्यादेबाबत गाडीबरोबरच्या माहितीपुस्तिकेचा शब्द अखेरचा मानावा.

तुमचे गाडी चालवण्याचे वय अजून झालेले नसेल, पण पुस्तिका वाचायला वयाची अट नाही. ती वाचा आणि त्यातील प्रत्येक सूचनेमागचे कारण घरच्यांना समजावून सांगा.

विचार करा

१. पद्मिनीचे इंजिन मिनिटाला २५०० फेरे करत असेल, तर दट्ट्याचा सरासरी वेग किती? (उत्तर : सेकंदाला ६.२५ मीटर)

२. फेरे ३००० वरून ४५०० केले, तर दट्ट्या परतवण्यास लागणारे बल किती पट होईल? (उत्तर : २.२५ पट)

३. विजेवर चालणाऱ्या मोटारीत दट्ट्या आणि रिंगा नसतात. मग अशा नव्या गाडीतही सुरुवातीला काही काळ ब्रेक बेताने वापरण्यास का सांगतात? पाटा-वरवंटा आठवून उत्तर शोधा.