रायफलवरील दुर्बिणीचे माउंट

रायफलवर दुर्बीण बसवायची म्हटली की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ती किती पट मोठे दाखवते? ती रायफलला जखडून ठेवणाऱ्या माउंटविषयी मात्र सहसा कोणी विचारीत नाही. एन. सी. सी.मुळे मला या विषयाची गोडी लागली आणि वाचनातून असे दिसले की, खरी पारख माउंटचीच करावी लागते. ती कशी, ते थोडक्यात मांडतो.

प्रथम थोडे गणित. माउंटच्या दोन कड्यांत १० सेंटिमीटर अंतर आहे आणि गोळीच्या धक्क्याने मागचे कडे ०.१ मिलिमीटर, म्हणजे कागदाच्या जाडीइतके, बाजूला सरकले असे समजा. हे प्रमाण हजारास एक झाले. म्हणजे १०० मीटरवर नेम १० सेंटिमीटरने चुकणार! दुर्बीण मात्र लक्ष्य पूर्वीइतकेच स्वच्छ दाखवीत राहते. नेमबाज आपल्या हाताला दोष देतो. दोष असतो एका ढिल्या स्क्रूचा. आणि चुकलेली गोळी कोठेतरी जाऊन लागतेच, हे विसरून चालणार नाही.

दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिशांची ‘नंबर ४ (टी)’ ही ली-एनफील्ड रायफल या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. तिची ३ पट मोठे दाखवणारी ‘नंबर ३२’ दुर्बीण एका ओतीव ब्रॅकेटवर असे आणि तो ब्रॅकेट रायफलच्या डाव्या अंगाला हाताने फिरवायच्या दोन मोठ्या स्क्रूंनी बसे. वापर नसताना दुर्बीण काढून पेटीत ठेवीत. पुन्हा बसवल्यावर नेम पूर्वीच्याच ठिकाणी यावा, म्हणून प्रत्येक दुर्बीण विशिष्ट रायफलशी जुळवलेली असे. रायफलचा क्रमांक ब्रॅकेटवर आणि दुर्बिणीचा क्रमांक दस्त्यावर ठोकलेला असे. एकीची दुर्बीण दुसरीला चालत नसे.

आज हे काम प्रमाणित पट्ट्यांमुळे सोपे झाले आहे. १९९५ साली अमेरिकी सैन्याने ‘पिकॅटिनी’ पट्टीचे माप ठरवले. तिच्यावरील आडव्या खाचा सुमारे १० मिलिमीटर अंतरावर असतात. माउंटची आडवी पट्टी खाचेत अडकते आणि धक्का झेलते. .२२ रायफलवर व एअर रायफलवर बहुधा ११ मिलिमीटरची साधी उभी खोबण असते. तेथे आडवी खाच नसल्याने माउंट मागे सरकू शकते. त्यातही स्प्रिंगच्या एअर रायफलचा धक्का मागे आणि पुढे असा दोन्हीकडे बसतो. तिच्यासाठी अडसराची खीळ असलेले अखंड माउंट घ्यावे.

यानंतर कड्यांचे माप पाहावे. दुर्बिणीची नळी साधारणतः २५.४ किंवा ३० मिलिमीटर व्यासाची असते. कडे नेमके त्याच मापाचे हवे. उंची शक्य तितकी कमी असावी, पण पुढचे भिंग नळीला टेकू नये. दुर्बीण फार उंच बसली तर गाल दस्त्यावरून उचलावा लागतो आणि नेम डळमळतो. म्हणूनच त्या ली-एनफील्डच्या दस्त्यावर गालासाठी लाकडी तुकडा बसवलेला असे. डोळा आणि भिंग यांत उत्पादकाने सांगितलेले अंतर, बहुधा ८ ते १० सेंटिमीटर, राखावे. नाहीतर धक्क्यासरशी भिंगाची कडा भुवईवर आदळते.

बसवण्यापूर्वी रायफल रिकामी असल्याची खात्री करावी. पट्टी तेलविरहित पुसावी, माउंट खाचेत पुढे रेटून मगच आवळावे आणि स्क्रू आलटून पालटून, सांगितलेल्या जोरानेच आवळावेत. फाजील जोराने नळी चेपते.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्निल कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले. त्या प्रकारात दुर्बिणीला परवानगीच नाही. दुर्बीण नेम देत नाही, ती फक्त लक्ष्य जवळ आणते. नेमबाजाने साधलेला नेम गोळीगणिक जागच्या जागी ठेवण्याचे काम माउंटचे. म्हणून पैसे मोजके असतील तर दुर्बीण थोडी साधी घ्यावी, पण माउंटमध्ये काटकसर करू नये.