हेराल्ड एकेका कोपऱ्यानं उघडा

स्टँडर्ड हेराल्ड घरच्या अंगणात उघडता येते, म्हणूनच ती बऱ्याचदा घरच्या अंगणातच सडते. ॲम्बेसेडरचा सांगाडा एकजीव, पत्रा पत्र्याला जोडलेला. हेराल्डला खाली वेगळी चेसिस आणि वर नट-बोल्टांनी आवळलेली बॉडी. बॉनेट तर मडगार्ड आणि दिव्यांसकट अख्खंच पुढं कलतं, आणि इंजिन, स्टिअरिंग, पुढची चाकं असं सगळं डोळ्यांसमोर येतं. इतकं सोपं दिसल्यावर हात थांबत नाही. एक बोल्ट सुटला की शेजारचा सोडावासा वाटतो, आणि महिन्याभरात शेडमध्ये गाडी राहत नाही, पोती राहतात.

ही रचना कुणाच्या हौसेतून आलेली नाही. इंग्लंडात स्टँडर्ड कंपनीला बॉडी पुरवणारी फिशर अँड लडलो १९५३मध्ये बीएमसीनं, म्हणजे ऑस्टिन-मॉरिसवाल्यांनी, विकत घेतली. आता अख्खी बॉडी प्रतिस्पर्ध्याच्या दारात मागावी लागणार, हे दिसल्यावर स्टँडर्डनं तुकड्यातुकड्यांची गाडी आखली. वेगवेगळे तुकडे वेगवेगळ्या कारखान्यांतून दाबून घ्यायचे आणि आपल्याकडे जोडायचे. आकार दिला इटलीच्या जिओव्हानी मिकेलोत्ती यांनी. एप्रिल १९५९मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये ही ट्रायम्फ हेराल्ड लोकांपुढं आली, तेव्हा कामगारांनी ती सुट्या भागांपासून काही मिनिटांत मंचावर जोडून दाखवली. हा किस्सा ऐकून अनेकांना जोर चढतो. त्या कामगारांच्या हातातला एकही भाग गंजलेला नव्हता, एवढंच लक्षात ठेवावं.

१९६१पासून मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सनं हीच गाडी स्टँडर्ड हेराल्ड म्हणून काढली. इंग्लंडात मोटारींवरून स्टँडर्ड हे नाव १९६३मध्ये गेलं, आपल्याकडे ते ऐंशीच्या दशकापर्यंत टिकलं. इंजिन ९४८ सीसीचं. पुढं मद्रासनं तिला चार दरवाजे केले, जे इंग्लंडात कधीच झाले नाहीत.

माझ्याकडे आली ती अशीच चार दरवाजांची, १९६९ची, मामांची. मामा गेल्यावर ती कारंज्याच्या जिनिंगच्या गोदामात गठाणींमागं उभी होती. उंदरांनी वायरिंग खाल्लं होतं, सीटमध्ये त्यांचाच संसार. टेम्पोत घालून वाशिमला आणली आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लावली. पुढचं सगळं या शेडमध्ये, दिवाळी ते होळी या हंगामांत शिकलेलं आहे.

पाना हातात घेण्याआधी कागद. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ला झाला. त्याआधीच्या गाड्यांची नोंद अकोल्याची. आज कारभार एमएच ३७चा असला तरी जुन्या गाडीचा माग अकोल्याच्या दप्तरातून काढावा लागतो. त्याला वेळ लागतो, तेव्हा हे काम सगळ्यांत आधी सुरू करा. मालक वारलेला असेल तर वारसाच्या नावावर बदलीसाठी ३१ नंबरचा फॉर्म, मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती लागते. मामेभावंडं गाडी भंगार आहे तोवर हसत सही देतात. रंग चढल्यावर तीच गाडी सगळ्यांना मामांची आठवण वाटू लागते.

चेसिस नंबरचं तर खास जपा. आरटीओत त्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिलीनं छाप घेतात आणि आरसीशी ताडून पाहतात. घिसाई करणाऱ्या पोराच्या ग्राइंडरखाली तो नंबर एकदा गेला की गाडी कागदावर मेली. आम्ही पहिल्याच दिवशी त्या जागेचे फोटो काढले, छाप घेतली आणि वर ग्रीस फासून कापड बांधलं.

१५ जुलै २०२१च्या अधिसूचनेनं केंद्रानं ५० वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी विंटेज नोंदणी आणली आहे. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, दहा वर्षांची मुदत, पुढच्या वेळी ५ हजार, आणि पाटीवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’. आधीपासून नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. मात्र अशी गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच बाहेर काढायची. शिवाय चेसिस, बॉडीचा सांगाडा आणि इंजिन यांत बदल चालत नाही. चौकात भेटणारा प्रत्येक जण ‘मारुतीचं इंजिन टाक, झंझट नाही’ असा सल्ला देईल. दिला की चहा पाजा आणि विषय बदला.

रिसोडकडं एका गृहस्थांची हेराल्ड पाहायला गेलो होतो. खरं तर भाग विकत घ्यायला. माणूस हौशी आणि हाताचा चांगला. त्यांनी बॉडीचे सगळे बोल्ट काढून ती चार जणांकडून उचलून बाजूला ठेवली, चेसिस उघडी करून सँडब्लास्ट करून आणली, सुरेख काळा रंग दिला. मग बॉडी परत ठेवली तर दरवाजे लागेनात. बॉडी आणि चेसिस यांच्यामध्ये बोल्टागणिक पॅकिंग असतात, कुठं एक, कुठं दोन, कुठं एकही नाही. त्या पॅकिंगांवरच दरवाज्यांच्या फटी ठरतात. ते सगळे त्यांनी एका डब्यात गोळा केले होते. त्यातून बॉडीचा तळ गंजलेला, आणि उचलताना दरवाज्यांच्या जागी आडवे अँगल वेल्ड करून घेतले नव्हते, म्हणून बॉडी मधोमध वाकली. चेसिस आजही चकाकते आहे. बॉडीत शेळीची पिल्लं बसतात.

म्हणून माझं मत पक्कं झालं, आणि कुणी कितीही व्हिडिओ दाखवले तरी ते बदलणार नाही: घरी काम करणाऱ्यानं हेराल्डची बॉडी उचलू नये. चेसिसपासून बाजूला निघणारे जे हात बॉडीला आधार देतात, ते आधी गंजतात. ते बॉडी जागेवर असतानाच, एका वेळी एक, कापून नवे जोडा. एक हात जोडून दरवाजा लावून पाहा. नीट लागला तरच दुसऱ्याला हात घाला. काम रटाळ होतं, पण रविवारी संध्याकाळी शेडला कुलूप लावताना गाडी चार चाकांवर उभी असते.

उभी असते म्हणजे कशावर, हाही प्रश्न आहे. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर जॅक लावला की तो सावकाश तिरका होत खाली जातो. शेडमध्ये काँक्रीट नसेल तर जॅकखाली जाड शहाबादी फरशी आणि तिच्यावर लाकडाची जाड फळी घ्या. जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका, लोखंडी स्टँड लावूनच जा. आणि जॅक कधीही त्या गंजक्या हातांना लावू नका. पत्रा फाडून तो आरपार वर येतो.

हंगामाचं गणित सोपं आहे. पावसाळ्यात उघडा पत्रा रात्रीतून तांबूस होतो, आणि साधा प्रायमरही ओल पितो. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी माणूस भाजतो. सोयाबीन निघाल्यावर लोखंडाचं काम काढावं आणि होळीपर्यंत बंद करावं. पावसाळ्यात कार्बोरेटर, डायनॅमो, मीटर अशी टेबलावरची कामं करावीत.

आता त्या भागाकडे येतो, ज्याच्यामुळं हा लेख लिहायला घेतला. हेराल्डच्या पुढच्या चाकाचा सगळा भार एका उभ्या पोलादी दांड्यावर असतो. त्या दांड्याच्या खालच्या टोकाला आटे असतात आणि ते पितळी नटासारख्या एका तुकड्यात बसतात, त्याला ट्रनियन म्हणतात. स्टिअरिंग वळवलं की दांडा त्या आट्यांतच फिरतो. म्हणजे आपण रस्त्यावर जितकी वळणं घेतो, तितक्या वेळा पोलाद पितळेत घासतं. त्यात वंगण हवं, आणि ते ग्रीस नव्हे. ९० नंबरचं गिअर तेल हवं. पण तिथं जी जागा आहे तिला निप्पल बसतं, आणि निप्पल दिसलं की आपल्याकडे ग्रीसगन लागतेच. ग्रीस खालपर्यंत उतरत नाही, वाळून कडक होतं, खाली पाणी साचतं, आणि दांडा आतून गंजत जातो. बाहेरून काहीही कळत नाही. एक दिवस खड्ड्यात किंवा वळणावर दांडा तुटतो आणि चाक गाडीखाली मुडपतं.

मामांची गाडी वर्षानुवर्षं जिथं सर्व्हिसिंगला जायची तिथं ग्रीसच भरलं जात होतं. हे उघडलं ते आमच्या मिस्त्री चाचांनी. त्यांनी उभ्या आयुष्यात ॲम्बेसेडर आणि फियाटच केल्या, पण जुन्या लोखंडाची भाषा त्यांना कळते. त्यांनी ट्रनियन सोडवला, बोटानं आतला काळा दगडासारखा थर खरवडला आणि म्हणाले, “भाऊ, याले तेल लागते. ग्रीस काहून भरलं यानं? हे पाय, दांडा खाल्ला पार.” आट्यांच्या वरच गंजाची खोल खाच होती. गाडी चालू झाली असती तर मी पहिल्याच रविवारी मालेगावच्या रस्त्यावर निघालो असतो.

तेव्हा हेराल्ड विकत घ्या की वारशात मिळो, इंजिन सुरू करण्याआधी दोन्ही बाजूंचे ट्रनियन सोडवा. दांड्यावर खाच दिसली तर वेल्डिंग किंवा लेथच्या फंदात न पडता दांडा आणि ट्रनियन दोन्ही बदला. डाव्या-उजव्या बाजूंचे आटे एकमेकांच्या उलट असतात, मागवताना बाजू सांगा. हे भाग इंग्लंडात अजून नवे बनतात, कारण १९६२च्या ट्रायम्फ स्पिटफायरनं हेराल्डचंच पुढचं सस्पेन्शन घेतलं आणि त्या गाडीचे शौकीन जगभर आहेत. नवे बसवल्यावर तेल घालण्याची तारीख शेडच्या भिंतीवर लिहा. बाहेरच्या सर्व्हिसिंगला देणार असाल तर निप्पल काढून साधा बोल्ट लावून ठेवा. ग्रीसगनचा मोह त्याशिवाय जात नाही.

पान्यांचा खर्चही धरा. बाजारात मिळतो तो संच मिलिमीटरचा. हेराल्डचे नट इंची. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, १३चा पाना बसल्यासारखा वाटतो, आणि जोर दिला की नटाचे कान गोल करतो. नऊ सोळांशच्या नटाला १४चा चढत नाही, १५चा फिरतो. गंजलेला नट एकदा गोल झाला की छिन्नी-हातोडीचं काम मागं लागतं. ज्या मिस्त्रीनं ॲम्बेसेडर केल्या त्याच्याकडे इंची पाने असतात. त्याच्याशी गोडीत राहा.

ब्रेकबद्दल थोडक्यात: एकच सर्किट आहे, म्हणजे एक रबरी नळी फुटली की चारही ब्रेक गेले. सगळ्या नळ्या आणि व्हील सिलिंडरचे रबर विचार न करता बदला. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं, तेव्हा ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरनं उडवू नका. ओल्या फडक्यानं पुसून फडकं फेका. बॅटरी जोडण्याआधी तिचं कुठलं टोक चेसिसला आहे ते पाहा. त्या काळच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत धन टोक चेसिसला असे, आणि नंतर कुणी ते उलटवलेलं असू शकतं.

इंजिनाची घाई करू नये. कारंज्यावरून जाणाऱ्या शकुंतला रेल्वेवर मँचेस्टरमध्ये १९२१ला बनलेलं वाफेचं इंजिन १९९४पर्यंत धावलं, कारण त्याला रोज तेल पाजणारा माणूस पगारावर होता. उभ्या राहिलेल्या यंत्राची गोष्ट वेगळी. प्लग काढून सिलिंडरांत तेल सोडा, काही दिवस मुरू द्या, मग हातानं फिरवा. हेड उघडलंच असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हला कडक सीट बसवून घ्या. ही इंजिनं शिशाच्या पेट्रोलवर वाढलेली, आणि ते आपल्याकडे २०००पासून बंद आहे.

आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. ते जुन्या रबराला मऊ करतं आणि हवेतलं पाणी ओढून टाकी आतून गंजवतं. नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणारा घ्या, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करा. उन्हाळ्यात दुसरा त्रास. पंप इंजिनालाच लागून, बाहेर ४३-४४ अंश, आणि पेट्रोलची नळीतच वाफ होते. गाडी चालता चालता गप्प होते. पंपावर ओलं फडकं टाकून बाभळीखाली बसायचं, ती आपोआप सुरू होते. याला बिघाड समजून कार्बोरेटर खोलणारे लोक मी पाहिले आहेत. नळी एक्झॉस्टपासून लांब वळवून वर उष्णतारोधक वेष्टन चढवलं की त्रास बराच कमी होतो. समृद्धी महामार्गावर मात्र हिला नेऊ नका. तिथं १२०नं जाणाऱ्यांमध्ये साठाची हेराल्ड म्हणजे स्वतःला आणि इतरांना धोका. शिवाय मागची चाकं आडव्या कमानपाट्यावर झुलतात. वेगात वळताना अचानक ब्रेक मारला तर ती आत मुडपू पाहतात.

रंग अजून दिलेला नाही. लोक विचारतात. प्रायमरवर फिरते, आणि फिरताना जे जे सैल होतं ते कळत जातं. रंगावर ओरखडे पाडून ते शोधण्यापेक्षा हे बरं.

शेवटी, गाडी पाहायला जाल तेव्हा इंजिन चालू आहे का हे विचारण्यात वेळ घालवू नका. इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन यांचे भाग पैसे मोजले की मिळतात. आधी चेसिस नंबर आणि आरसी ताडा, मग चेसिसच्या हातांवर पेचकस टोचून पाहा. चार दरवाजांची असेल तर मागचे दोन्ही दरवाजे, त्यांच्या काचा आणि कड्या जागेवर आहेत ना ते बघा. ते नसतील तर सौदा सोडा. इंग्लंडातल्या कुठल्याही दुकानात मागचा दरवाजा मिळणार नाही, कारण त्यांच्या हेराल्डला तो कधी नव्हताच.