संगणक-उद्योगातील नोकरीसाठी परिचयपत्र

म्हैसूर हे नगर राजवाडा आणि रेशीम यांसाठी पूर्वापार प्रसिद्ध आहे. अलीकडे त्याला आणखी एक ओळख लाभली आहे. १९८१ साली पुणे येथे स्थापन झालेल्या इन्फोसिस या कंपनीचे प्रशिक्षण-केंद्र येथे असून, महाराष्ट्रातून निवडले गेलेले नवे अभियंतेही त्यात शिक्षणासाठी येतात. शिवाय १९४६ साली निघालेल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इंजिनिअरिंगसारख्या संस्थांतून दरवर्षी पदवीधर बाहेर पडतात ते निराळेच. या सर्वांची पदवी एक, अभ्यासक्रमही बहुधा एक. मग अर्ज चाळणाऱ्याने एकास दुसऱ्यापासून ओळखावे कसे? हे काम परिचयपत्राचे, म्हणजेच रेझ्युमेचे होय.

पुष्कळ उमेदवार लिहितात : ‘जावा, पायथन, सी व एसक्यूएल यांचे उत्तम ज्ञान.’ या वाक्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी पुढील वाक्य पाहावे : ‘महाविद्यालयाच्या ग्रंथालयासाठी तिघांनी मिळून पुस्तक-नोंदीची प्रणाली पायथन व एसक्यूएलमध्ये तयार केली, त्यांतील शोधाचा भाग स्वतः लिहिला, इंडेक्स जोडल्यावर शोधाचा वेळ सहा सेकंदांवरून एका सेकंदाच्या आत आला.’ येथे काम कोणते, त्यात स्वतःचा वाटा किती आणि फळ काय, हे तिन्ही कळते.

असे वाक्य लिहिणे म्हणजे प्रश्नास निमंत्रण देणे होय. वेळ का घटला, असे परीक्षक विचारणारच. इंडेक्स नसता संगणकास प्रत्येक नोंद तपासावी लागते. तो असता पुस्तकाच्या शेवटच्या सूचीप्रमाणे नेमक्या जागी जाता येते. मात्र नवी नोंद भरताना सूचीही सुधारावी लागते, म्हणून तेथे थोडा अधिक वेळ खर्ची पडतो. हा तोटाही ज्यास सांगता येतो, त्याने काम स्वतः केले आहे याविषयी परीक्षकास फारशी शंका उरत नाही. उसन्या प्रकल्पाचे बिंग येथेच फुटते. खोटा अनुभव तर पडताळणीत उघडा पडून मिळालेली नोकरीही जाऊ शकते.

मोठ्या कंपन्यांत अर्ज बहुधा प्रथम यंत्र वाचते. ते मजकुराचे तुकडे करून शिक्षण, अनुभव, कौशल्ये अशा सदरांत बसविते. दोन स्तंभांची मांडणी किंवा चित्रात कोरलेली अक्षरे यांमुळे पुष्कळदा त्याचा गोंधळ उडतो. सरळ एका स्तंभात, नेहमीचे मथळे देऊन, नवोदिताने एका पानात आटोपावे. कौशल्यापुढे पाचांपैकी चार तारे काढण्याची एक हौस दिसते. ते तारे कोणी दिले, हे मात्र कोणी सांगत नाही.

वडिलांचे नाव, धर्म, वैवाहिक स्थिती हा मजकूर वधूवरसूचक टिपणात शोभतो. येथे तो नको. त्या जागी गिटहबवरील स्वतःच्या कोडचा पत्ता द्यावा. मात्र तेथे प्रणाली कशी चालवावी हे सांगणारे टिपण असावे, आणि ते अनुसरून ती दुसऱ्याच्या संगणकावर खरोखर चालते की नाही, हे आधी एखाद्या मित्राकडून तपासून घ्यावे. त्याच मित्रास परिचयपत्रातील प्रत्येक ओळीवर तीन प्रश्न विचारावयास सांगावे. ज्या ओळीवर उत्तर अडेल, ती अर्ज धाडण्यापूर्वी खोडावी किंवा तेवढा विषय पुन्हा अभ्यासावा.