खंजिरीचा ठेका आणि मिडी : जोडलं तरी आवाज का येत नाही?

अमरावती-अकोल्याच्या मुलांना खंजिरी वेगळी सांगावी लागत नाही. मोझरीच्या तुकडोजी महाराजांनी ती भजनातून गावोगाव पोचवली. तोच ठेका 'हायड्रोजन' या मोफत, मुक्त-स्रोत सॉफ्टवेअरमध्ये बसवता येतो.

१) केरव्याच्या ८ मात्रा म्हणजे पॅटर्नची १६ घरं, एका मात्रेला दोन. मुलांनी आधी टाळीवर मोजावं, मग घरं भरावीत.

२) ठेका 'रोजगार्डन'मधून वाजवायचा तर लिनक्सवर त्याचं मिडी आउटपुट हायड्रोजनच्या इनपुटला जोडा.

३) तरी आवाज नाही? मिडीतून आवाज जातच नाही, फक्त निरोप जातो : कोणता क्रमांक (० ते १२७), किती जोरात. जनरल मिडीत ३६ म्हणजे बास ड्रम, ५४ म्हणजे टँबोरिन, आपल्या खंजिरीची जवळची बहीण. समोर क्रमांक जुळला नाही तर शांतता, नाहीतर भलतंच वाद्य!

मूल "बिघडलं" म्हणालं की लगेच दुरुस्त करून देऊ नका. निरोप निघाला का, पोचला का, क्रमांक जुळला का, या क्रमानं त्यालाच शोधू द्या. ही सवय गणितातही कामी येते.