बाहेरचा आणि इथला : मलेशियाच्या बाजारपेठेतून एक धडा



पेठेत गादीवर बसणाऱ्या माणसाच्या कानावर एक वाक्य वर्षातून पन्नास वेळा पडते : "बाहेरून आलेला दहा वर्षांत दुकान उभे करतो आणि इथला माणूस बापजाद्यांपासून आहे तिथेच राहतो." कोणी याचे कारण मेहनत सांगतो, कोणी चलाखी, कोणी रक्त. कापडाच्या धंद्यात माझी उमर गेली. ही तिन्ही कारणे मीही कधी ना कधी बोलून दाखविली आहेत. परंतु ऐकीव भावावर सौदा करू नये, हे आपल्याला पहिल्या दिवशी शिकविले जाते. मग ऐकीव कारणावर आपल्या कौमेचे भवितव्य तरी का ठरवावे?

या गोष्टीचा हिशेब तपासायचा तर असा देश घ्यावा लागेल, जिथे बाहेरून आलेले आणि स्थानिक असे दोन्ही समाज एकाच बाजारात वावरतात आणि सरकारने दोघांचे आकडे वेगवेगळे मांडले आहेत. मलेशिया हा असा देश आहे. तिथे स्थानिक मलय मुसलमान आहेत, चीनमधून आलेले चिनी आहेत आणि आपल्या देशातून गेलेले तमिळही आहेत. म्हणजे तुलना करण्यासाठी बाहेरचे दोन समाज मिळतात. हीच बाब सर्वांत महत्त्वाची आहे.

कोण कसे आले?

मलाक्का हे पंधराव्या शतकातले मोठे बंदर. तिथल्या सुलतानांच्या आश्रयाने गुजराती, अरब, तमिळ, चिनी असे सगळे व्यापारी तिथे नांदत होते. १५११ मध्ये पोर्तुगीजांनी ते जिंकले. पुढे इंग्रजांनी १७८६ मध्ये पिनांग आणि १८१९ मध्ये सिंगापूर ही ठाणी वसविली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पेराक आणि सेलांगोर भागातल्या कथलाच्या खाणींसाठी दक्षिण चीनमधून हजारो मजूर येऊ लागले. क्वालालंपूर हे शहरच १८५७ च्या सुमारास अशा खाण मजुरांच्या वस्तीतून उभे राहिले.

त्यानंतर रबर आले. १८७७ मध्ये रबराची रोपे प्रथम या भागात पोहोचली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारगाड्यांच्या टायरमुळे त्याला सोन्याचा भाव आला. मळ्यांसाठी इंग्रज कंपन्यांनी तमिळ मुलखातून मजूर आणले. कंगाणी म्हणजे मुकादम. तो आपल्या गावी जाऊन माणसे गोळा करून आणीत असे.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. चिनी मजूर आला तो कंगाल होता. जहाजाचे भाडेसुद्धा कर्जाऊ होते आणि ते मजुरीतून कापले जाई. खाणींत तापाने आणि अफूने किती मेले, त्याची गणती नाही. म्हणजे सुरुवातीला चिनी आणि तमिळ मजुराच्या खिशात काही फरक नव्हता.

१९७० चा ताळेबंद

१३ मे १९६९ रोजी क्वालालंपूरमध्ये मलय आणि चिनी यांच्यात दंगल उसळली. सरकारी आकड्यानुसार १९६ माणसे मेली. त्यानंतर सरकारने देशाचा ताळेबंद मांडला. १९७० चे पश्चिम मलेशियाचे आकडे असे आहेत : एका कुटुंबाचे महिन्याचे सरासरी उत्पन्न मलयांचे १७२ रिंगिट, भारतीयांचे ३०४ आणि चिन्यांचे ३९४. गरिबीत राहणारी कुटुंबे मलयांत सुमारे ६५ टक्के, भारतीयांत ३९ टक्के आणि चिन्यांत २६ टक्के. कंपन्यांच्या भांडवलात मलयांचा वाटा २.४ टक्के, भारतीयांचा जेमतेम १ टक्का आणि चिन्यांचा सुमारे २७ टक्के.

हे वाचून कोणीही म्हणेल, "पाहा, बाहेरचाच पुढे गेला." पण त्या ताळेबंदात आणखी एक रकाना होता. उरलेल्या भांडवलापैकी फार मोठा भाग, एकूण भांडवलाच्या ६० टक्क्यांहून अधिक, परदेशी आणि त्यातही मुख्यतः इंग्रज कंपन्यांच्या हातात होता. मलय चिनी दुकानदाराकडे पाहत होता, चिनी मलय सरकारकडे पाहत होता आणि मोठी तिजोरी तिसऱ्याच माणसाकडे होती. रस्त्यावर मेलेल्यांत मात्र तिजोरीचा मालक नव्हता.

चिन्यांचे खरे भांडवल

खाणीचा मालक बहुधा चिनीच असे. कर्ज फिटले की मजूर मोकळा होऊन गावात किंवा शहरात जाऊ शकत असे. तिथे त्याच्या मूळ गावाचा किंवा आडनावाचा माणूस त्याला माल उधार देई. गावातला छोटा दुकानदार शेतकऱ्याकडून रबर आणि खोबरे घेई व त्याला तांदूळ, रॉकेल, कापड देई. त्याला शहरातला ठोक व्यापारी उधारीवर माल पुरवी आणि ठोक व्यापाऱ्याला सिंगापूर-पिनांगचा आयातदार. ही सारी साखळी शब्दावर चाले. ज्याने शब्द मोडला त्याला पुढच्या गावातही माल मिळत नसे. आपल्या धंद्यात सुताची उधारी कशी चालते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला याहून अधिक सांगायला नको.

याशिवाय त्यांच्यात हुई नावाची पद्धत होती. दहा-वीस जणांनी दरमहा ठरावीक रक्कम टाकायची आणि पाळीपाळीने एकाने सगळी उचलायची. मलय भाषेत तिला कुटू म्हणतात आणि आपण भिशी म्हणतो. कित्येक दुकानांचे पहिले भांडवल असेच जमले.

तिसरी गोष्ट शाळा. चिन्यांनी आपल्या शाळा वर्गणीतून चालविल्या. १९६१ च्या शिक्षण कायद्यानंतर ज्या माध्यमिक शाळांनी सरकारी पद्धत स्वीकारली नाही त्यांचे अनुदान गेले, तरी सुमारे साठ शाळा समाजाच्या देणग्यांवर आजही चालू आहेत.

तमिळ मजुराचे काय झाले?

आता दुसऱ्या पाहुण्याकडे वळू. तमिळ मजूरही समुद्र ओलांडून आला आणि पहाटेपासून रबराच्या झाडांना चिरा देत राबला. मेहनतीने माणूस श्रीमंत होत असता तर त्याचे महाल झाले असते. पण त्याचे घर मळ्याच्या चाळीत, दुकान मळ्याचे, दवाखाना मळ्याचा, ताडीचा गुत्ताही मळ्यातच आणि मुलांची शाळा फक्त प्राथमिक. वर चढण्याची एकच पायरी होती, ती कंगाणीची. नोकरी गेली की त्याच दिवशी घर जाई. पुढे मळे विकले गेले, रबराच्या जागी तेलाचे माड आले, घरांच्या वसाहती उठल्या आणि असंख्य कुटुंबे शहराच्या कडेला झोपड्यांत गेली. २५ नोव्हेंबर २००७ रोजी क्वालालंपूरमध्ये हजारो भारतीय रस्त्यावर उतरले, त्यामागे हा सारा इतिहास होता.

मग १९७० मध्ये भारतीयांची सरासरी मलयांहून जास्त कशी? कारण त्याच सरासरीत वकील, डॉक्टर, कारकून आणि चेट्टियार सावकारही मोजले गेले. सरासरी नेहमी गरिबाला झाकते.

आणखी एक पुरावा आहे. त्याच तमिळ मुलखातून मुसलमान व्यापारीही मलायात गेले होते. त्यांना चुलिया म्हणत. ते मळ्यांत न जाता बंदरांत गेले. कोरोमंडल किनाऱ्याचे कापड त्यांनी केडा आणि पिनांगमध्ये विकले. पिनांगची कपितान केलिंग मशीद त्यांनीच उभारली. मुलूख एक, भाषा एक. पण एक जण बंदराच्या दारातून शिरला आणि दुसरा मळ्याच्या. दोघांच्या पिढ्यांचे नशीब वेगळे झाले.

मलय मागे का राहिले?

इंग्रज अधिकारी मलयांना आळशी म्हणत. सय्यद हुसेन अलातास या विद्वानाने १९७७ मध्ये यावर संपूर्ण ग्रंथ लिहून हा आरोप खोडून काढला. मलय माणूस स्वतःच्या शेतात आणि होडीवर राबत होता. दुसऱ्याच्या खाणीत आणि मळ्यात मजुरी करायला तो तयार नव्हता, म्हणून तो आळशी ठरला.

१९१३ च्या कायद्याने मलयांसाठी जमिनी राखीव झाल्या. जमीन वाचली, पण ती बाहेरच्याला विकता येत नसल्यामुळे गहाण ठेवून भांडवल उभे करणेही कठीण झाले. शाळांचे धोरण तर उघडच होते : शेतकऱ्याच्या मुलाने बापापेक्षा थोडा बरा शेतकरी व्हावे, एवढेच. गावच्या मलय शाळेत चार वर्षे लिहिणे-वाचणे, बागकाम आणि टोपल्या विणणे शिकवीत. इंग्रजी शाळा शहरात होत्या आणि मलय गावात होता. सरदारांच्या मुलांसाठी १९०५ मध्ये क्वाला कांग्सार इथे वेगळे विद्यालय निघाले; सामान्य मलय मात्र टोपल्याच विणत राहिला.

आणि 'इथला' म्हणजे तरी कोण? आज मलय म्हणून गणल्या जाणाऱ्या पुष्कळ घराण्यांचे पूर्वज सुमात्रा, जावा आणि सुलावेसी बेटांवरून आले आहेत. त्यांच्याही आधीच्या वनवासी जमातींना तिथे ओरांग अस्ली, म्हणजे असली माणसे, म्हणतात. सर्वांत जुने रहिवासी तेच आणि सर्वांत गरिबांतही तेच.

सरकारी मदतीने काय साधले?

१९७१ ते १९९० या काळात नवे आर्थिक धोरण राबविले गेले. मलय आणि इतर स्थानिकांना तिथे 'बुमिपुत्र' म्हणतात. भांडवलात त्यांचा वाटा ३० टक्के करायचा असे ठरले. १९९० पर्यंत तो १९ टक्क्यांच्या आसपास पोहोचला. चिन्यांचा वाटाही वाढून ४५ टक्क्यांच्या घरात गेला आणि परदेशी कंपन्यांचा घसरून २५ टक्क्यांवर आला. भारतीयांचा मात्र एक टक्काच राहिला. १९७० मध्ये पश्चिम मलेशियातली जवळपास निम्मी कुटुंबे गरीब होती. १९९० मध्ये संपूर्ण देशातले गरिबीचे प्रमाण १७ टक्क्यांच्या आसपास आले. चिनी आणि मलय उत्पन्नातली दरी सव्वादोन पटींवरून पावणेदोन पटींच्या आसपास उतरली.

यात खरे काम शिष्यवृत्त्या, वसतिगृहे असलेल्या शाळा, विद्यापीठे, भूमिहीनांना मिळालेल्या जमिनी आणि बचत यांनी केले. ७ सप्टेंबर १९८१ रोजी सरकारी गुंतवणूक संस्थेने लंडनच्या शेअर बाजारात काही तासांत गथ्री या जुन्या मळेवाल्या कंपनीचा ताबा विकत घेतला. याच संस्थेच्या योजनेतून सामान्य मलय कुटुंबांना लहान रकमेत हिस्से घेता आले.

जे साधले नाही तेही सांगितले पाहिजे. परवाना मलयाच्या नावावर आणि धंदा चिन्याचा, या प्रकाराला तिथे 'अली-बाबा' असे नावच पडले. अलीला घरबसल्या टक्केवारी मिळाली; धंदा मात्र बाबाच शिकला. सरकारच्या मर्जीने मोठे झालेले कित्येक उद्योगपती १९९७ च्या आर्थिक संकटात कोसळले.

बचतीचे सर्वांत चांगले उदाहरण ताबुंग हाजी हे होय. गावकरी हजसाठी जमीन आणि म्हशी विकत आणि परत येऊन गरीब होत. १९५९ मध्ये अर्थतज्ज्ञ उंगकू अझीझ यांनी यावर योजना सुचविली आणि १९६३ पासून हजसाठी व्याजाशिवाय बचत करणारी संस्था सुरू झाली. आज तिचे लाखो ठेवीदार आहेत. पण २०१८ मध्ये तिची देणी मालमत्तेपेक्षा जास्त झाल्याचे जाहीर झाले आणि सरकारला तिची पुनर्रचना करावी लागली. नेक हेतूलाही कडक हिशेब लागतोच.

आपण काय घ्यावे?

१. मजुराचे घर आणि नोकरी एकाच मालकाच्या हाती असेल तर तो अडकतो. जो कारागीर मागाशेजारीच झोपतो आणि मीटरवर मजुरी घेतो, त्याने पहिली बचत स्वतःच्या खोलीसाठी करावी.

२. मुलाला बाजाराची भाषा आणि हिशेब दोन्ही शिकवा. मी उर्दू शाळेत शिकलो, त्याचा मला अभिमान आहे. पण मराठी पावती आणि इंग्रजी बिल वाचायला मी गल्ल्यावर बसून, चुका करून शिकलो. त्या चुकांची किंमत रोख मोजली. मुलांना आणि मुलींनाही ती मोजायला लावू नका.

३. भिशी चालवा, पण वहीत लिहून. बोली लावून रक्कम उचलायची भिशी नको, चिठ्ठीची ठेवा. पाळी चुकविणाऱ्याला नातेवाईक म्हणून माफी देऊ नका.

४. आपल्या नावाचा परवाना दुसऱ्याला चालवायला देऊ नका. आज टक्केवारी मिळेल. उद्या मुलाला धंदा येत नसेल.

५. शेजारच्या दुकानदाराला प्रतिस्पर्धी समजण्याआधी पेठेतला मोठा नफा कुठे जातो, ते तपासा.

पुढच्या वेळी कोणी "बाहेरचा पुढे गेला" असे म्हणाला, तर त्याला एवढेच विचारा : तो कोणत्या दारातून शिरला, त्याला पहिली उधारी कोणी दिली आणि त्याची मुले कोणत्या शाळेत गेली? हेच तीन प्रश्न मग आपल्या घरालाही विचारा. पहिल्याचे उत्तर आपल्या वडिलांनी दिले. उरलेल्या दोहोंचे उत्तर आपल्याला द्यायचे आहे.