पाल, पालु, हालु, दूध

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने अंगणवाडीवर लेख लिहावा, याचे माझ्या वर्गमित्रांना नवल वाटेल. पण मी तेथे गेलो तो हिशेबासाठीच. गेल्या दिवाळीच्या सुटीत वसतिगृहातील मित्राबरोबर त्याच्या गावी आठ दिवस राहिलो. गाव तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यात, जैनद मंडळात. जवळच पैनगंगा, आणि पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्हा. मित्राच्या आई तेथील अंगणवाडीत आया आहेत. मी त्यांना मावशी म्हणतो. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "तू हिशेबाचं शिकते ना बाबू? मंग आमच्या अंड्याची बेरीज करून दे. टीचरची आन् माही जमून नाही राहिली."

वही तेलुगूत होती. परंतु तेलुगू लिपी ही कानडीची सख्खी बहीण. माझी शाळा सारी मराठी, पण घरी कानडी, आणि अक्षरे आजीने शिकवलेली. त्या पुंजीवर मी वही वाचली. तीन अंड्यांचा फरक येत होता. ती तीन अंडी ट्रेमध्येच फुटलेली निघाली होती आणि कोणी लिहिली नव्हती. हा हिशेब दहा मिनिटांत संपला. पण हजेरीची पाने मी पुढे कितीतरी वेळ चाळत बसलो. सप्टेंबरात एकोणीस-वीस मुले रोज येत. दिवाळीच्या सुमारास आकडा आठ-नवावर आलेला. कापसाची वेचणी सुरू झाली की आई पहाटे शेतात जाते आणि मूल बरोबर नेते. त्या हजेरीवरून हंगाम ओळखता येत होता.

अंगणवाडी हा शब्द आपल्याला आज सरकारी वाटतो. केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झाली आणि त्या नावाने देशभर पसरली, हे खरे. परंतु कल्पना त्याआधीची, आणि आपल्या मुलखातली. ताराबाई मोडकांनी 1945 साली ठाणे जिल्ह्यात (आताच्या पालघर जिल्ह्यात) बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. माँटेसोरीची महागडी साधने खेड्यात कोठून आणणार? म्हणून शिंपले, बिया, खडे, पाने हीच साधने झाली. वारल्यांची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या पाड्यावर, अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी तर शाळा कुरणावर गेली. मूल शाळेत येत नसेल तर चूक मुलाची नव्हे, असे मानणारी ही माणसे होती.

मावशींनी ताराबाईंचे नाव ऐकलेले नाही. त्या रोज सकाळी घरोघर हिंडतात, आजीजवळ ठेवलेली पोरे गोळा करतात, एकाला कडेवर आणि दुसऱ्याला बोटाला धरून आणतात. मग चिंचोके, सरकी आणि तुरीचे दाणे एका ताटात मिसळून मुलांसमोर ठेवतात व वेगवेगळे करायला लावतात. दुपारी भात, वरण, भाजी आणि अंडे. तीन वर्षांखालील बाळांसाठी घरी न्यायला बालामृतम्‌चे अडीच किलोचे पाकीट असते. त्यात भाजलेला गहू, हरभऱ्याची डाळ, दुधाची भुकटी, साखर आणि तेल.

आता मुख्य गोष्ट. तेथे चार वर्षांची एक मुलगी होती. घरी मराठी बोलणारी. टीचर निर्मलकडच्या, भाषा तेलुगू. त्यांनी दुधाचा पेला दाखवून "पालु" म्हटले की ही भिंतीकडे बघे, कारण तिच्या लेखी पाल म्हणजे भिंतीवरची. बाकीची पोरे हसत. ती बोलायचीच बंद झाली होती. मुलांच्या प्रगतीच्या तक्त्यात तिच्या नावापुढे 'रंग ओळखत नाही, मोजता येत नाही' अशा नोंदी होत्या. मावशी मला हळूच म्हणाल्या, "तिले काही येत नाही असं नको समजू. घरी लय बोलते ते." आणि त्यांनी ताट पुढे केले. मुलीने चिंचोके, सरकी, तूर झरझर निवडली, आणि मावशींच्या कानाशी लागून चिंचोके मोजले : बारापर्यंत.

मला माझी बालवाडी आठवली. मी तेथे "नीरु" मागत राहिलो. पाणी मिळाले नाही, आणि 'हट्टी मुलगा' हे नाव मात्र मिळाले. ते नाव पहिलीपर्यंत टिकले.

त्याच अंगणवाडीत गोंडांची दोन मुले होती. त्यांच्या घरी दुधाला 'पाल'च म्हणतात. तेलुगूत पालु, गोंडीत पाल, कानडीत हालु. 'प'चा 'ह' झाला एवढेच. त्या तिघी एका कुळातल्या आणि आमची मराठी दूध घेऊन वेगळी बसलेली. म्हणजे त्या गोंड मुलांना टीचरचा हा शब्द लगेच कळे, आणि मावशींचा कळत नसे. कोणाच्या भाषेत शिकवायचे, हा प्रश्न एका खोलीत इतका अवघड होतो.

हा गुंता जुना आहे. आदिलाबाद पूर्वी हैदराबाद राज्यात होता. 1 नोव्हेंबर 1956 रोजी त्याचे किनवट आणि राजुरा हे तालुके मुंबई राज्यात गेले व उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात. 2014 पासून तेलंगणात. सीमा हलली, पण घरातली बोली हलली नाही. त्याही आधी, 1940 च्या दशकात, मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने मारलवाई येथे गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र निघाले. तेथील वाचनपुस्तके गोंडी भाषेत आणि देवनागरी लिपीत होती. मुलाच्या भाषेतून सुरुवात करण्याची युक्ती या जिल्ह्याला नवी नाही!

टीचरना दोष देणे सोपे आहे. मी देणार नाही. महिन्याची माहिती, वजने, अंडी, फोनवरील नोंदी, सारे त्यांच्याच डोक्यावर. एकदा त्यांच्या वहीचे शेवटचे पान उघडे दिसले. तेथे तेलुगू लिपीत मराठी शब्द लिहिलेले होते : दूध, पाणी, भूक, शी, आई कुठे. मी आणखी काही सांगितले, त्यांनी लिहून घेतले. मी त्यांना विचारले, "तक्त्यातील मुलीच्या नोंदीचे काय?" त्या म्हणाल्या, "लिहिलेले मागे घेता येत नाही."

मुलीच्या वडिलांनी मात्र पुढच्या जूनचा बेत ठरवून टाकला आहे. इंग्रजी माध्यमाच्या शाळेची गाडी गावात येते, तीत ती जाणार. म्हणजे दुधाला तिसरा शब्द. मी त्यांना सरकारी शाळेत मराठीतून शिकवण्याबद्दल भीतभीत सुचवले. ते म्हणाले, "मराठीत शिकून मी कापूसच वेचून राहिलो ना साहेब." माझ्याजवळ उत्तर नव्हते. मीही मराठीतून शिकलो आणि आता खर्चाचे हिशेब इंग्रजीतून घोकतो आहे.

निघण्याच्या दिवशी सकाळी अंगणवाडीत डोकावलो. हजेरी अकरा. टीचरनी पेला उचलून आधी "दूध" म्हटले, मग "पालु". मुलगी भिंतीकडे पाहिली नाही. पेला दोन्ही हातांनी धरून ती घटाघट प्यायली, आणि बोलली मात्र काहीच नाही. नव्या महिन्याच्या तक्त्यात तिच्या नावापुढची जागा टीचरनी कोरी ठेवली होती.