आळेफाट्याचा चौक आणि घाईतला संगणक

पुणे–नाशिक आणि कल्याण–अहिल्यानगर हे रस्ते जेथे एकमेकांस छेदतात, त्या आळेफाट्यावर कडेला उभे राहून एका मोटारसायकलवर नजर ठेवा. ती एस.टी.च्या आड गेली, तरी पलीकडे कोठून निघेल हे तुम्ही आधीच ताडता. हेच काम कॅमेऱ्याला जोडलेल्या संगणकाला सांगितले तर?

कॅमेरा सेकंदाला २५ चित्रे टिपतो असे धरू. चित्रातील वाहन ओळखते ते ‘चेताजाल’, म्हणजे उदाहरणे पाहून शिकलेली एक गणिती रचना. एका चित्रासाठी तिला कोट्यवधी गुणाकार करावे लागतात. समजा, आपल्या लहान संगणकाला त्यासाठी १/५ सेकंद लागतो. मग दर पाचांपैकी चार चित्रे सोडून देणे आले.

बिघडले कोठे? ताशी ५४ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १५ मीटर. १/५ सेकंदात मोटारसायकल ३ मीटर पुढे जाते. तिची लांबी मात्र सुमारे २ मीटर! जुनी व नवी जागा एकमेकींना शिवतही नाहीत. मागून दुसरी मोटारसायकल आली, की संगणक तिलाच पहिली समजतो.

महागडा संगणक घेणे हा एक उपाय. मला आवडतो तो नववीच्या भौतिकीतला! सुरुवातीस लागोपाठची दोन चित्रे तपासा. त्यांत वाहन ६० सेंटिमीटरच सरकलेले असते. ओळख पटते आणि वेगही कळतो. पुढे वेग गुणिले काळ! वाहन कोठे असेल ते आधी मांडायचे आणि चित्राच्या तेवढ्याच तुकड्यात शोधायचे. नवे वाहन शिरले का, हे पाहण्यास अधूनमधून पूर्ण चित्र तपासावे लागतेच.

अंदाज आणि निरीक्षण यांची सांगड घालण्याची रीत रुडॉल्फ काल्मान यांनी १९६० मध्ये मांडली. तिच्यावर आधारलेली ‘सॉर्ट’ ही पद्धत २०१६ मध्ये आली. तिचा वेग सेकंदाला २६० चित्रे सांगतात. अर्थात त्यात चेताजालाचा वेळ धरलेला नाही!

चित्र १९२० × १०८० ऐवजी ६४० × ३६० ठिपक्यांचे केले, तर काम सुमारे नऊपटीने घटते. पण दूरची मोटारसायकल चार ठिपक्यांत हरवते.

आळेफाट्यावरची खरी अडचण निराळीच. येथे वाहने एकाएकी थांबतात, वळतात, आणि अंदाज फसतो. म्हणून चौकाजवळ वरचेवर पाहावे, सरळ रस्त्यावर कमी वेळा. ताशी ३६ किलोमीटर वेगाच्या मोटारसायकलसाठी किती चित्रे सोडली तरी दोन्ही जागा एकमेकींना शिवतील? गणित करून पाहा.